बागेचं तिकीट

साडूनं काल रात्री सहलीचा हिशेब पाठवला. त्यात स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्याच्या तिकिटांची रक्कम चौघांत सारखी वाटलेली होती. आता चौघांपैकी तिघांची तिकिटं होती राजवाड्यांची आणि माझं एकट्याचं होतं बागेचं. बागेचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. म्हणजे राजवाडा न बघणाऱ्यानं राजवाडा बघणाऱ्यांना वर्गणी दिली, असा त्या हिशेबाचा अर्थ. मी हे त्याला लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘‘दादा, ॲपमध्ये वेगवेगळं टाकायला फार कटकट होते हो. सात-आठ युरोचा तर प्रश्न आहे.’’ पुढे एक हसरा चेहरा. हाच गृहस्थ मालागाच्या विमानतळावर पाण्याची बाटली महाग आहे म्हणून स्वच्छतागृहाच्या नळाखाली ओंजळ धरून उभा होता.

आम्ही जर्मनीत राहतो. साडू आणि मेहुणीही तिथेच, दोन स्टेशनं पलीकडे. ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत दक्षिण स्पेनला जाऊन यायचं ठरलं. मेहुणीला फोटो हवे होते, बायकोला नीट राहायचं होतं आणि साडूला खर्च करायचा नव्हता. या तिन्हींचा मेळ घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला स्वतःला काहीच नको आहे असं तिघांनी परस्पर ठरवून टाकलं. मला एकच गोष्ट हवी होती. अल्हाम्ब्रातले नासरी राजवाडे, म्हणजे तिथल्या सुलतानांचे महाल, बघायचे होते. कॉलेजात असल्यापासून.

मी तक्ता केला. तीन रकाने: ‘हात आखडून’, ‘बेताचं’ आणि ‘होऊ दे खर्च’.

पहिला रकाना साडूनं एका बैठकीत भरून टाकला. कोर्दोबाच्या मशिदीत, म्हणजे आताच्या कॅथेड्रलात, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट सोडतात, हे त्यानं शोधून काढलं. सेवियाचा अल्काझार राजवाडा सोमवारी संध्याकाळी फुकट. प्लाझा दे एस्पान्या, 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला तो अर्धवर्तुळाकार चौक, कायमचाच फुकट. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट, म्हणजे जेवणाचा प्रश्न मिटला. फुकट या एकाच दोऱ्यात त्यानं अख्खा आंदालुसिया, म्हणजे हा दक्षिण स्पेन, ओवला. साडेआठला कोर्दोबात पोचायचं तर सेवियाहून अंधारात निघून वेगवान गाडी पकडायला लागेल आणि तिचं भाडं मशिदीच्या तेरा-पंधरा युरोंपेक्षा जास्त आहे, हे मी त्याला आकडे मांडून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘ते भाडं झालं. तिकीट तर फुकटच ना?’’ यावर काय बोलणार? साडेआठशेच्या वर खांब आहेत त्या मशिदीत. त्यातला एखादा धरून उभं राहावंसं वाटलं.

तिसरा रकाना बायकोचा. स्पेनमध्ये पारादोर नावाची सरकारी हॉटेलं आहेत, जुने किल्ले आणि मठ दुरुस्त करून त्यांत केलेली. ग्रानादाचा पारादोर तर अल्हाम्ब्राच्या आवारातच आहे, जुन्या फ्रान्सिस्कन मठात. ग्रानादा जिंकणाऱ्या इसाबेला राणीला आणि फर्डिनंड राजाला आधी तिथेच पुरलं होतं.

‘‘म्हणजे राणी जिथे झोपली होती तिथे आपण झोपायचं,’’ बायको म्हणाली.

‘‘मेल्यावर झोपली होती ती.’’

‘‘मग तर शांत असेल.’’

1521 साली दोघांना तिथून हलवून खाली शहरातल्या शाही चॅपेलमध्ये नेलं. भाडं परवडलं नसावं. एका रात्रीचा दर मी तक्त्यात टाकला तेव्हा साडूचा फोन आला आणि पलीकडून बराच वेळ फक्त श्वास ऐकू आला. शिवाय आवारात राहिलात म्हणून राजवाड्यात फुकट सोडत नाहीत, त्याचं तिकीट निराळं काढावंच लागतं. हे सांगितल्यावर बायकोही जरा खाली उतरली. पण पूर्ण नाही. ‘‘निदान खिडकीतून दिसला तरी पाहिजे,’’ असा तह झाला.

म्हणून मधल्या रकान्यातून अल्बाइसिनमधलं एक बिऱ्हाड घेतलं. अल्बाइसिन म्हणजे अल्हाम्ब्रासमोरच्या टेकडीवरची जुनी वस्ती. पांढऱ्या भिंती, गोट्यांच्या अरुंद गल्ल्या आणि चढ. त्या गोट्यांवरून चाकांच्या चार बॅगा ओढत आम्ही रात्री अकराला निघालो, तेव्हा वरच्या मजल्यांवर एकेक दिवा लागत गेला. एका बाईनं खिडकी उघडून आमच्याकडे नुसतं बघितलं. काही बोलली असती तर बरं झालं असतं. बिऱ्हाडाच्या दारावर आकड्यांच्या कुलपाची किल्लीपेटी होती, आत भिंतीवर कुणाच्या तरी आजीच्या हातचा क्रोशाचा रुमाल चौकटीत लावलेला. ही आजी आता कुठे राहत असेल, हा विचार मनात आला आणि मी तो तिथेच सोडून दिला, कारण उत्तर सोयीचं नव्हतं. 2024 च्या उन्हाळ्यात मालागात हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, पर्यटकांच्या बिऱ्हाडांपायी आम्हाला घरं उरली नाहीत म्हणून. आम्ही पर्यटक, आमचा रकाना ‘बेताचं’. अल्हाम्ब्रा खिडकीतून दिसत होता. न्हाणीघराच्या. कमोडवर उभं राहिल्यावर.

तर हे सगळं ठरेपर्यंत काय झालं? नासरी राजवाड्यांत एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात. तिकिटावर तुमचं नाव असतं, पासपोर्टचा नंबर असतो आणि आत शिरायची वेळ छापलेली असते. ती चुकली की संपलं. सुट्टीच्या दिवसांतली ही तिकिटं कितीतरी आधीच उडून जातात. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, बाकी सगळं नंतर ठरवू, आधी अल्हाम्ब्रा काढू. गटावर लिहिलेलं आहे, तारखेसकट. त्याखाली मेहुणीचा अंगठा आहे आणि त्याखाली साडूचा प्रश्न आहे, ‘‘याला फुकटचा दिवस नाही का?’’ मग पारादोर, मग सोमवार, मग विमानात वाटेकडची सीट की खिडकीची. सगळ्यांचा होकार आला तेव्हा राजवाड्यांची तीन तिकिटं उरली होती. तीनच.

घरच्या बैठकीत माझी समजूत काढायची वेळच आली नाही, कारण मी नाराज होईन असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बायको म्हणाली, ‘‘तू एवढं वाचलंयस त्याच्यावर. तुला आतलं सगळं माहितीच आहे.’’ मेहुणी म्हणाली, ‘‘जिजू, आम्हाला तर काहीच माहिती नाही.’’ ज्याला माहिती नाही त्यानं बघावं आणि ज्याला आहे त्यानं बाहेर थांबावं! हाच नियम सरसकट लावला तर विठ्ठलाचं दर्शन वारकऱ्यांना बंद करावं लागेल. मग माझ्यासाठी बागा, हेनेरालीफे ही सुलतानांची वरची बाग आणि अल्काझाबा या जुन्या गढीचा बुरुज एवढ्यांचं तिकीट निघालं.

त्या दुपारी साडेतीनला तिघं आत गेली. साडूनं जाताना त्याची सॅक माझ्या हातात दिली. आत मोठ्या सॅक पाठीवर चालत नाहीत. माझा उपयोग झाला.

मी पाचव्या चार्ल्स बादशहाच्या राजवाड्यासमोर बसलो. ही वास्तू बाहेरून चौकोनी आणि आतून गोल आहे. 1527 साली तिचं काम सुरू झालं, आणि बादशहा काही त्यात कधी राहिला नाही. बांधकामाचा पैसा यायचा मोरिस्कोंकडून, म्हणजे बळजबरीनं ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांकडून, कराच्या रूपानं. 1568 मध्ये त्यांनी बंड केलं आणि पैसा आटला. काम पिढ्यान्‌पिढ्या रखडलं. बजेट दुसऱ्याच्या खिशातून काढलं की असं होतं. तिथे प्रवेश फुकट आहे, साडूनं दुरूनच सांगितलं होतं, ‘‘तुम्ही हे बघा तोवर.’’

मी मनातल्या मनात बोअब्दिलशी बरोबरी करत होतो. ग्रानादाचा शेवटचा सुलतान. 2 जानेवारी 1492 रोजी त्यानं किल्ल्या सोपवल्या आणि जाताना डोंगरातल्या खिंडीतून मागे वळून अल्हाम्ब्राकडे बघून उसासा टाकला, अशी कथा आहे. त्याला निदान आतून बघून झाला होता.

‘‘मराठी का?’’

शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ. डोक्यावर सहल कंपनीची टोपी, गळ्यात नावाचं कार्ड, कानात अडकवलेलं ते गाईडचं यंत्र, आणि त्यातून गाईडचा आवाज बाहेर ऐकू येत होता. ‘आता आपण राजदूतांच्या दालनात आलो आहोत,’ गाईड सांगत होता. काका मात्र बाहेर.

‘‘हो. तुम्ही कसं ओळखलं?’’

‘‘मघाशी फोनवर ‘सॅक सांभाळतोय’ म्हणला न्हवं? कितीला पडलं?’’

‘‘काय?’’

‘‘हे सगळं. स्पेन.’’

हे सांगोल्याचे डाळिंब बागायतदार. दिवाळीची सहल धरून आलेले, स्पेन आणि पोर्तुगाल, काकू आत गेलेल्या. मी आकडा सांगायचा टाळला, म्हणून त्यांनीच एकेक करून काढून घेतला. विमान कितीला? राहायला किती? बस कितीची? युरो शंभराच्या भावानं धरून तोंडानंच गुणाकार चालला होता आणि मधेच कानातलं यंत्र बोलत होतं की आता वर छताकडे बघा.

‘‘म्हणजे दिवसाला वीस हजार पडलं तुम्हाला. आम्हाला तीसच्या आत. आमच्यात विमान आपल्याकडनं धरलंय बरं का. नाश्ता?’’

‘‘बाहेर.’’

‘‘आमचा आत. जेवण?’’

‘‘बाहेर. पण इथे चारनंतर स्वयंपाकघरं बंद होतात. रात्री आठ-साडेआठशिवाय कुणी जेवायला देत नाही.’’

‘‘आम्हाला सातला वरणभात. काल सेवियात थालीपीठ होतं.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काल सात वाजता सेवियातच एका बंद हॉटेलाच्या पायरीवर बसून पाकिटातले वेफर्स खात होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण कळलं असावं. ‘‘म्हणजे फरक दहा हजाराचा. दहा हजारात वरणभात, आतलं तिकीट आणि डोक्याला ताप न्हाई. आत का न्हाई गेला?’’

मी सांगितलं. सगळं. साडू, पारादोर, सोमवार, तीन तिकिटं. इतक्या तपशिलात मी हे बायकोलाही बोललो नव्हतो. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि शर्टाच्या आतून एक कापडी पिशवी ओढून काढली.

‘‘मग हे घ्या. माझं. मला न्हाई जायचं. गुडघा बी दुखतोय.’’

त्यांचं तिकीट. राजवाड्यांचं, साडेतीनचं.

‘‘अहो, ते चालत नाही. तिकिटावर नाव असतं.’’

‘‘मी माझ्या खुशीनं देतोय की. चोरी हाय का? चला.’’

मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला दंडाला धरून फाटकाशी नेलं. गुडघा त्या वेळी दुखत नसावा. फाटकावर एक उंच, चष्मेवाला, कंटाळलेला रखवालदार. काकांनी त्याच्यासमोर तिकीट आणि आपला पासपोर्ट धरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘‘ह्यांना सोडा. माझ्या नावावर.’’

रखवालदारानं पासपोर्ट उघडला. फोटो बघितला. फोटोत टोपी नव्हती, पण मिशी होती, सांगोला तालुक्याला शोभेल अशी. मग त्यानं मला बघितलं. मी गेली कित्येक वर्षं मिशी ठेवलेली नाही.

‘‘सांगा त्याला, काढली म्हणून,’’ काका मला म्हणाले.

‘‘काका, वयात तीस वर्षांचा फरक आहे.’’

‘‘मिशी काढली की माणूस तरणा दिसतोच.’’

रखवालदार स्पॅनिशमध्ये बोलू लागला. काका मराठीत. गंमत अशी, की दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं आणि मधे उभ्या असलेल्या मलाच काही सुचत नव्हतं. तो बोटानं तिकिटावरचं नाव दाखवी, हे बोटानं स्वतःची छाती दाखवून म्हणत, ‘‘हां, तो मीच. आन्‌ मी म्हणतोय ह्यांना सोडा.’’ यात तर्काची चूक कुठे आहे, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. मागे खोळंबलेल्यांपैकी एक जर्मन जोडपं आपसात बोलत होतं की हे लोक नियम वाचत नाहीत. ते मला कळलं. इतर कुणाला कळलं नसेल, पण मला कळलं, कारण मी तिथेच कर भरतो आणि नियम वाचायचा तर मला नादच आहे. मी तक्त्याच्या तळाशी तिकिटांचे सगळे नियम मराठीत लिहून तिघांना पाठवले होते! ते कुणी उघडले नाहीत ती गोष्ट वेगळी.

शेवटी रखवालदार हसला. काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं त्यांना आत जायची खूण केली. काकांनी मान हलवली. ‘‘मला नको. ह्यांना पायजे.’’ त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला मी नको होतो. ज्याला जायचं नव्हतं त्याला आग्रह आणि मला नकार, आणि हे सगळं दहा-बारा देशांच्या नागरिकांसमोर. पुन्हा येऊन बाकावर बसलो.

‘‘जाऊ द्या,’’ काका म्हणाले. ‘‘नक्षीच हाय नुसती. सकाळी त्या वरच्या बागेत पाट बघितला का?’’

हेनेरालीफेमधला पाट. मी बघितला होता, म्हणजे त्याचे फोटो काढले होते. काका तिथे गाईडला सोडून मागे राहिले होते, आणि गाईड तीनदा परत बोलवायला आला होता. दार्रो नदीचं पाणी काही किलोमीटर वरून वळवून टेकडीच्या कडेकडेनं आणलंय, तेराव्या शतकात, पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर.

‘‘उतार बघा कसा दिलाय. जास्त दिला तर पाट खणून जातोय, कमी दिला तर गाळ बसतोय. त्यो माणूस इंजिनिअर. त्येला भेटायला पायजे होतं. आन्‌ ते फवारे नंतरचे असणार. पाटाला फवारे कोण बसवतंय?’’

फवारे खरोखरच नंतर बसवलेले आहेत. मी हे एका जाड पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी बघूनच ओळखलं. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर राग आला. मी वाचूनही बाहेर, हे न वाचता बाहेर, आणि बाहेर बसून त्यांना जास्त दिसत होतं.

पुढचं व्याख्यान डाळिंबावर झालं. डाळिंब हे ग्रानादाचं शहरचिन्ह. रस्त्यावरच्या लोखंडी खुंटांवर डाळिंब, पाट्यांवर डाळिंब, आणि चिन्हात ते सगळीकडे उकललेलं, आतले दाणे दिसणारं. काकांना हे मंजूर नव्हतं. ‘‘पाण्याचा ताण पडून एकदम पाणी मिळालं की फळ तडकतंय. तडकलेलं फळ व्यापारी घेत न्हाई. आन्‌ ह्यांनी त्येच शिक्क्यावर घेतलंय.’’ बागेतली झाडंही त्यांनी पानं उलटून तपासली होती. तेल्या रोग नव्हता. ‘‘पण आपल्या भगव्या जातीची सर न्हाई,’’ असा निकाल देऊन ते जरा खूश झाले. मग गाईड आला, झेंडा वर, मागे काकूंसकट सगळा जथा, आणि काका उठले. जाताना मला म्हणाले, ‘‘पुढच्या खेपेला कंपनीबरोबर या. साडूला आणू नका.’’

काही वेळानं आमची मंडळी बाहेर आली. मेहुणीला शब्द सापडत नव्हते. बायको म्हणाली, ‘‘तू फार काही चुकवलं नाहीस रे, गर्दीच होती,’’ आणि लगेच पुढे दहा मिनिटं छतांचं वर्णन केलं. साडूनं सॅक घेतली, आतला बिस्किटांचा पुडा उघडून बघितला आणि विचारलं, ‘‘दादा, यातली दोन कमी आहेत का?’’

रात्री त्याच्या शास्त्राप्रमाणे तापांवर जेवलो. प्रत्येक पेयाबरोबर एक बशी येते आणि बशीत काय यावं हे तुमच्या हातात नसतं. बायको शाकाहारी. मांस नको असं तिनं तीन भाषांत सांगितलं, पहिली बशी आली ती हॅमची. हॅम म्हणजे मांस हे तिथे सर्वमान्य नसावं. मग ऑलिव्ह आले, मग अंड्याचं तोर्तिया आलं. शेवटी आम्ही पैसे मोजून काकवीसारख्या पाकातली वांग्याची कापं मागवली, ती मात्र सुंदर होती. साडूनं एकामागून एक पेयं मागवली आणि फुकटच्या जेवणाचं बिल तक्त्यातल्या ‘बेताचं’ रकान्यापेक्षा जास्त झालं. तेही चौघांत सारखं. मी लिंबूपाणी घेतलं होतं.

बायकोनं मधे पडून साडूकडून राजवाड्यातले सगळे फोटो मागवून घेतले, माझ्यासाठी. ते आज सकाळी आले. सिंहांच्या चौकात संगमरवरी कारंजं आहे आणि त्याच्याभोवती बारा सिंह. प्रत्येक फोटोत साडू कारंज्यासमोर उभा आहे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा हात पसरून. मी नाश्ता टाकून सगळे फोटो शेजारी शेजारी लावले आणि त्याच्या खांद्यावरून, काखेतून, गुडघ्यामागून दिसणारे सिंह मोजले. अकरा भरले. बारावा कुठला ते विचारायला मी त्याला फोन केला, तर म्हणाला, ‘‘दादा, तुम्हाला तर सगळं माहितीच आहे.’’